भाकरी कडक, भाजी ओली: सैनिकाचा शिधा टिकतो कसा?

सोलापूरहून निघणाऱ्याच्या पिशवीत कडक भाकरीची चवड आणि शेंगाचटणीचा पुडा हमखास असतो. ती भाकरी महिनोन्महिने टिकते, याचं कुणाला नवल वाटत नाही. पण सैनिकाच्या पाकिटातली रस्साभाजी फ्रिजशिवाय वर्षभर टिकते म्हटलं, की लगेच शेरा येतो, "केमिकल मारलेलं असणार!"

मारलेलं असतं ते जंतूंना, आणि तेही निव्वळ उष्णतेनं.

भाकरीचं काम सोपं आहे. पातळ थापायची, भाजायची, मग मंद आचेवर पार कडक होईतो सुकवायची. जंतूंना वापरता येईल असं मोकळं पाणी 0 ते 1 या मापात मोजतात. ते 0.6 च्या खाली गेलं की बुरशीसुद्धा वाढत नाही. अमेरिकी यादवीतले सैनिक कॉफीत भिजवून खायचे ती दगडासारखी बिस्किटं याच जातीची. शेंगाचटणीतही पाणी कमीच, पण तेल भरपूर. तिला जंतू नव्हे, हवेतला ऑक्सिजन खवट करतो.

ओल्या अन्नाचा पेच वेगळा. 1795 मध्ये फ्रेंच सरकारनं अन्न टिकवण्याच्या युक्तीला 12,000 फ्रँकचं इनाम लावलं. निकोला अपेर या हलवायानं अन्न बाटलीत भरून, बूच घट्ट बसवून, बाटल्या पाण्यात उकळल्या आणि 1810 मध्ये इनाम मिळवलं. हे का टिकतं, ते त्याला ठाऊक नव्हतं. जंतूंचा उलगडा पाश्चरनं पन्नासेक वर्षांनी केला. पत्र्याचा डबाही 1810 चाच, पण डबा उघडायचं हत्यार यायला चाळीसेक वर्षं लागली. तोवर छिन्नी-हातोडा.

आता खरी गंमत. विष तयार करणाऱ्या बोटुलिनम जंतूचे बीजाणू, म्हणजे त्याची टणक, निद्रिस्त रूपं, उकळत्या पाण्यातही तग धरतात. 121 अंशांवर मात्र 0.21 मिनिटात दहातले नऊ मरतात, पुढच्या तेवढ्याच वेळात उरलेल्यांतले दहातले नऊ. हे बारा वेळा व्हावं असा दंडक आहे, म्हणजे सुमारे अडीच मिनिटं. तापमान 10 अंशांनी उतरलं की वेळ दहापट, म्हणून 111 अंशांवर पंचवीस मिनिटं आणि 100 अंशांवर पाच तासांहून जास्त! आणि ही मिनिटं मोजायची ती पाकिटाच्या मध्यभागी, जिथं उष्णता सगळ्यात शेवटी पोचते. पातळ आमटी आतल्या आत फिरते, लवकर तापते. घट्ट पिठलं जागचं हलत नाही, तिथं उष्णता कणाकणानं सरकते. जाडी निम्मी केली तर वेळ चौथाईवर येतो. गोल डब्याऐवजी चपटं पाकीट आलं त्याचं एक कारण हेच: मधलं अन्न शिजेतो कडेचं करपत नाही.

या पाकिटाला बाहेरून पॉलिएस्टर, मध्ये ॲल्युमिनियमचा पापुद्रा, आतून पॉलिप्रॉपिलीन. सीलच्या पट्टीत तेलाचा थेंब किंवा भाताचं शीत अडकलं, की जोड कच्चा राहतो. घडीवर ॲल्युमिनियमला बारीक भेगा जातात. पाकिटं तापवतात ती दाबाखालच्या वाफेच्या यंत्रात. थंड करताना बाहेरचा वाफेचा दाब उतरतो, आतलं अन्न गरमच असतं, मग पाकीट फाटतं. म्हणून यंत्रात तेव्हा दाबाखाली हवा सोडतात. घरच्या कुकरला शिट्टी असते, ही सोय नसते. मध्यभागाचं तापमानही तो सांगत नाही. तेव्हा हा प्रयोग घरी नको.

अमेरिकेनं 1981 पासून अशी पाकिटं डब्यांऐवजी वापरात आणली. पुढं सोबत ज्योतीविना तापवायची पुडीही आली: मॅग्नेशियम आणि लोखंडाची भुकटी. थोडं पाणी ओतलं की उष्णता सुटते आणि हायड्रोजनही, म्हणून जवळ काडी पेटवायची नाही. आपल्याकडं सैनिकांच्या अन्नावर संशोधन करायला म्हैसूरला 1961 मध्ये संरक्षण अन्न संशोधन प्रयोगशाळा उभी राहिली.

अमेरिकी पाकिटं 27 अंशांवर तीन वर्षं टिकतात, 38 अंशांवर जेमतेम सहा महिने. सोलापूरचा मे महिना तर चाळिशीपार. जंतू मेलेलेच राहतात, पण रंग काळवंडतो, चव उतरते, क जीवनसत्त्व घटतं. असं पाकीट खाल्लं तर फार तर तोंड वाकडं होईल. फुगलेलं पाकीट मात्र चाखूनही बघू नये; बोटुलिनमचं विष वासावरून कळेलच असं नाही.