६६६ आणि सोडतीवरचा पहारा

२४ एप्रिल १९८० च्या संध्याकाळी अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्याच्या ‘डेली नंबर’ लॉटरीची सोडत टीव्हीवर चालू होती. तीन यंत्रं, प्रत्येकात ० ते ९ आकड्यांचे दहा हलके चेंडू आणि हवेचा झोत. तिन्ही यंत्रांतून ६ वर आला. ६६६!

यात विचित्र काय? गणिताच्या दृष्टीने काहीच नाही. ६६६ लागण्याची शक्यता हजारात एक, आणि ३८१ लागण्याचीही तेवढीच. संशय आला तो पैशांवरून. फक्त ४ आणि ६ वापरून तीन आकडी संख्या आठच होतात: ४४४, ४४६, ४६४ वगैरे. नेमक्या त्यांच्यावरच त्या दिवशी भरमसाट पैसा लागला होता. बाकी आकड्यांच्या चेंडूंत सुईने पांढरा रंग टोचून ते जड केल्याचं तपासात निघालं. जड चेंडू वर येईनात, हजार शक्यतांच्या आठ झाल्या. डॉलरला ५०० डॉलर मिळणाऱ्या खेळात ही चांदीच की. कार्यक्रमाचा निवेदक निक पेरी यात दोषी ठरला.

याच्या उलट किस्सा बल्गेरियाचा. सप्टेंबर २००९ मध्ये तिथे ४, १५, २३, २४, ३५, ४२ हे सहा आकडे निघाले आणि चारच दिवसांनी, पुढच्याच सोडतीत, पुन्हा तेच! देशभर गदारोळ झाला, सरकारने चौकशी लावली. गैरप्रकार सापडला नाही. गंमत अशी की पहिल्या खेपेला हा संच कोणीच लावला नव्हता. दुसऱ्या वेळी मात्र १८ जणांना बक्षीस लागलं. मागच्या सोडतीचे आकडे जसेच्या तसे लावणारी माणसं असतात, आणि त्यांना बक्षीस वाटून घ्यावं लागतं.

लागोपाठ पुनरावृत्ती दुर्मीळ खरीच. पण कधी ना कधी कुठला तरी संच पुन्हा येणं तितकंसं दुर्मीळ नाही. ४९ आकड्यांतून ६ काढायचे तर १,३९,८३,८१६ संच होतात. तरीही साधारण ४,४०० सोडतींतच एखादा संच दुसऱ्यांदा येण्याची शक्यता निम्म्यावर जाते, कारण प्रत्येक नवा निकाल आधीच्या सगळ्याच निकालांशी जुळू शकतो. जगभरात इतक्या लॉटऱ्या चालतात की असं काहीतरी घडतच राहणार.

म्हणजे नुसता निकाल पाहून सोडतीचा खरेखोटेपणा ठरत नाही. पहारा हवा तो प्रक्रियेवर. म्हणून चेंडू वजन करून कुलपात ठेवतात, आधी चाचणी सोडती घेतात. ब्रिटनमध्ये लॉटरीच्या यंत्रांना लॅन्सलॉट, ग्विनेव्हिअर, मर्लिन अशी नावं दिली होती आणि कुठलं यंत्र वापरायचं हेही चिठ्ठ्यांसारखंच आयत्या वेळी ठरायचं.

संगणक आला आणि पहारा अवघड झाला. एडी टिप्टन हा अमेरिकेतल्या अनेक राज्यांच्या सामाईक लॉटरी संघटनेचा माहिती-सुरक्षा प्रमुख, म्हणजे पहारेकरीच! आकडे निवडणाऱ्या प्रोग्रॅममध्ये त्याने थोडासा कोड घुसवला. वर्षातल्या ठरावीक तीन तारखांना, ठरावीक वारी आणि रात्री आठनंतर प्रोग्रॅम अशी पद्धत वापरायचा की निकाल आधीच ताडता यावा. बाकी वर्षभर सगळं चोख. आकडे कितीही तपासले तरी ते विस्कळीतच दिसत.

२९ डिसेंबर २०१० च्या ‘हॉट लोट्टो’ सोडतीचं दीड कोटी डॉलरहून मोठं बक्षीस त्याने स्वतः काढलेल्या तिकिटाला लागलं. ते मागायला मात्र मध्य अमेरिकेतल्या बेलीझ या देशातली एक कंपनी पुढे आली. आयोवा राज्याचा नियम असा की विजेत्याचं नाव कळल्याशिवाय पैसे नाहीत. नाव सांगायला कोणी तयार होईना, इथेच गाडं अडलं. अखेर तिकीट घेतलेल्या दुकानातल्या कॅमेऱ्याच्या चित्रफितीवरून सहकाऱ्यांनी त्याचा आवाज ओळखला. २०१७ मध्ये त्याला २५ वर्षांपर्यंतची शिक्षा झाली. अत्याधुनिक चाचण्यांना जे जमलं नाही, ते एका रुक्ष कारकुनी नियमाने केलं!

आपल्याकडे १९६७ मध्ये केरळने सरकारी लॉटरी सुरू केली, १९६९ मध्ये महाराष्ट्राने. लॉटरी चालवायची की बंद ठेवायची हे राज्याने ठरवायचं, पण चौकट केंद्राच्या १९९८ च्या कायद्याची. त्यानुसार तिकिटं राज्य सरकारने छापायची, सोडत राज्यानेच आणि राज्याच्या हद्दीतच काढायची. वर्षात बंपर सोडती सहापेक्षा जास्त नाहीत. एकाच अंकावर बक्षीस ठेवायलाही बंदी आहे. हे कलम वाचताना मुंबईकराला मटक्यातला ‘सिंगल’ आठवल्याशिवाय राहत नाही. दहा शक्यता, झटपट निकाल आणि हरलं की लगेच पुन्हा खेळायची सोय: व्यसन लावायला याहून सोपा खेळ क्वचितच असेल.