बासष्टच्या पराभवातून लष्कर काय शिकले?

२ सप्टेंबर १९६३ रोजी संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाण लोकसभेत निवेदनासाठी उभे राहिले, तेव्हा चीनकडून झालेल्या पराभवाला वर्षही उलटले नव्हते. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, असे ज्यांच्याबद्दल महाराष्ट्र अभिमानाने म्हणत होता, त्या चव्हाणांच्या वाट्याला आलेले हे सर्वांत अवघड काम असावे. लेफ्टनंट जनरल हेंडरसन ब्रुक्स आणि व्हिक्टोरिया क्रॉसचे मानकरी ब्रिगेडियर पी. एस. भगत यांनी पराभवाची चौकशी केली होती. चौकशीला विषय दिले होते पाच: प्रशिक्षण, शस्त्रसामग्री, हुकुमाची साखळी, जवानांची शारीरिक क्षमता आणि हाताखालच्या माणसांवर प्रभाव टाकण्याची कमांडरांची कुवत. अहवाल सभागृहापुढे ठेवता येणार नाही, असे चव्हाणांनी सांगितले आणि निष्कर्षांचा सारांश तेवढा मांडला.

हे पाच विषय पुन्हा वाचले की एक गोष्ट डोळ्यात भरते. पाचही प्रश्न लष्कराला विचारलेले आहेत. लष्कराला सीमेवर पाठवण्याचा निर्णय कोणी, कशाच्या आधारावर घेतला, गुप्तवार्ता काय सांगत होती, लढाऊ विमाने जमिनीवरच का ठेवली, हे त्यात नाही. पुढच्या साठ वर्षांत आपले सैन्य काय पटकन शिकले आणि काय शिकायला दशके लागली, याचा उलगडा बराचसा या यादीतच आहे.

आधी नामका चूकडे जाऊ. तवांगच्या पश्चिमेला, भूतानच्या सीमेजवळ, दहा हजार फुटांहून उंच अशा अरुंद दरीतून ही नदी वाहते. ७ इन्फन्ट्री ब्रिगेड, म्हणजे पायदळाच्या काही पलटणींची सातव्या क्रमांकाची तुकडी, तिच्या काठाने पसरवून ठेवली होती. समोर थागलाची धार, तिच्यावर चिनी फौज, म्हणजे शत्रू वर आणि आपण खाली. रस्ता तिथपर्यंत पोचलेलाच नव्हता. रसद विमानातून त्सांगधरच्या पठारावर टाकायची, आणि त्यातली बरीचशी दरीत जायची. मैदानी छावण्यांतून घाईने वर चढवलेल्या जवानांच्या अंगावर सुती गणवेश, पायात कॅनव्हासचे बूट, हातात .३०३ रायफल. या आघाडीवरच्या ४ कोअरचे, म्हणजे सर्वांत वरच्या फौजी तुकडीचे, कमांडर बी. एम. कौल तर उंचीच्या हवेत स्वतःच आजारी पडले. छातीचा त्रास घेऊन ते दिल्लीला परतले आणि काही दिवस अंथरुणावरूनच हुकूम देत राहिले. २० ऑक्टोबरच्या पहाटे हल्ला झाला. काही तासांत ब्रिगेड मोडली आणि दोन दिवसांनी तिचे कमांडर ब्रिगेडियर जॉन दळवी युद्धबंदी झाले.

नोव्हेंबरात तवांगच्या रस्त्यावरच्या सेला खिंडीत जे झाले ते आणखी जिव्हारी लागणारे होते. नामका चूला निदान जागाच लढण्यासारखी नव्हती, पण सेला लढवण्याजोगी होती. चिन्यांनी डोंगरवाटांनी वळसा घालून मागचा रस्ता तोडला आणि त्या बातमीनेच ४ डिव्हिजन (अनेक ब्रिगेडांची चौथ्या क्रमांकाची फौज) माघारीला लागली. माघारीत जी वाताहत झाली ती लढाईतही झाली नसती. लडाखमध्ये रेझांग ला येथे त्याच दिवसांत मेजर शैतानसिंग आणि १३ कुमाऊंची त्यांची कंपनी जवळजवळ शेवटच्या माणसापर्यंत लढली. जवानांत कमतरता नव्हती, हे त्या एका टेकडीने कायमचे सांगून ठेवले आहे.

पुढच्या दोन-तीन वर्षांत झालेले बदल आजही थक्क करतात. पायदळाच्या डिव्हिजनांतून डोंगरी डिव्हिजन घडवल्या गेल्या. त्यांत गाड्या कमी, खेचरे जास्त, सुटे करून वर नेता येतील अशा हलक्या तोफा आणि मोर्टार. लष्कराची संख्या ८ लाख २५ हजारांपर्यंत नेण्याचे ठरले. .३०३ ची जागा ईशापूरच्या कारखान्यात बनलेल्या ७.६२ मिमी सेल्फ-लोडिंग रायफलने घेतली. अधिकारी कमी पडत होते म्हणून आणीबाणीची कमिशने, म्हणजे तातडीची अधिकारीपदे, देण्यात आली आणि पुणे व मद्रास येथे ऑफिसर्स ट्रेनिंग स्कूल उघडली. मागचा रस्ता तुटला तरी मोर्चा सोडायचा नाही, त्यासाठी दारूगोळा आणि शिधा आधीच वर साठवायचा आणि चारही बाजूंनी लढता येईल अशी मोर्चेबांधणी करायची, हा सेलाचा धडा डोंगरी पलटणींत घोटून घोटून शिकवला गेला.

पण मला सर्वांत मोलाचे वाटते ते लष्कराच्या डॉक्टरांनी केलेले काम. त्याबद्दल आपल्याकडे फारच कमी बोलले जाते. मैदानातला धडधाकट जवान बारा-चौदा हजार फुटांवर एकदम नेला तर त्याच्या फुफ्फुसात पाणी होते आणि तो बघता बघता दगावू शकतो. बासष्टमध्ये याला अनेकदा न्यूमोनिया समजले जाई. चीन सीमेवर मोठ्या संख्येने माणसे ठेवावी लागली, तसे रुग्णही समोर येत गेले. इंदर सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते बारकाईने तपासले. १९६९ मध्ये एका नामवंत अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा शोधनिबंध आला, त्यात १,९२५ जवानांचा अभ्यास होता. उंचीवरच्या आजाराचे वैद्यकशास्त्र आजही त्या कामाचा दाखला देते.

या अनुभवातून पक्का होत गेलेला नियम आज उंचीवर जाणाऱ्या प्रत्येक जवानाला पाठ असतो. नऊ ते बारा हजार फूट हा पहिला टप्पा, त्याचे सहा दिवस. पहिले दोन दिवस विश्रांती, फार तर तळाच्या आसपास सपाटीवर फिरणे. तिसऱ्या-चौथ्या दिवशी सावकाश चाल, चढ नाही. पाचव्या-सहाव्या दिवशी थोडा चढ. पुढे पंधरा हजारांपर्यंत चार दिवस, त्याहून वर आणखी चार. महिनाभराहून जास्त सुटीवर गावी जाऊन आलेल्या जवानालाही हे सगळे पुन्हा पहिल्यापासून करावे लागते, मग त्याची त्याच चौकीवर दोन वर्षे का गेली असेनात. नामका चूला वर धाडलेल्या पलटणींना हे चौदा दिवस कोणी दिले नव्हते.

शिकलेले कामी आले का? पासष्टमध्ये त्याची पहिली परीक्षा झाली. सेलाला फुटलेली ४ डिव्हिजन, आता ४ माउंटन डिव्हिजन म्हणून, पंजाबात खेमकरणजवळ उभी होती. सुरुवात चांगली झाली नाही. तिचा पहिला हल्ला फसला आणि मागे यावे लागले. मेजर जनरल गुरबक्ष सिंग यांनी असल उत्तर गावाभोवती घोड्याच्या नालेच्या आकाराचा मोर्चा बांधला, पाणी सोडून शेते चिखलाने भरली आणि रणगाडे उसात दडवले. पाकिस्तानचे पॅटन रणगाडे त्या चिखलात रुतले. जीपवरच्या रिकॉइललेस तोफेने रणगाडे टिपणारे ४ ग्रेनेडियर्सचे अब्दुल हमीद १० सप्टेंबरला धारातीर्थी पडले. डोंगरासाठी घडवलेल्या डिव्हिजनने रणगाड्यांची लढाई मैदानात जिंकली, यात प्रशिक्षणाइतकाच वाटा होता पाय रोवून उभे राहण्याच्या निश्चयाचा. तीन वर्षांपूर्वीचा डाग तिथे पुसला गेला.

चीनपुढची परीक्षा झाली १९६७ मध्ये. सिक्कीमच्या नाथू ला येथे तारेचे कुंपण घालताना ११ सप्टेंबरला चिन्यांनी गोळीबार केला. १७ माउंटन डिव्हिजनचे मेजर जनरल सगत सिंग यांनी दोन वर्षांपूर्वी, चीनने निर्वाणीचा इशारा दिला तेव्हाही, ही खिंड सोडायला नकार दिला होता. म्हणून या वेळी उंची आपल्याकडे होती. त्यांनी तोफा डागल्या आणि लढाई तीन दिवस चालली. आपलीही बरीच माणसे गेली, पण खिंड राहिली. शत्रू वर आणि आपण खाली हे पुन्हा होऊ द्यायचे नाही, एवढे एका कमांडरने मनात पक्के केले होते.

हेच सगत सिंग १९७१ मध्ये ४ कोअरचे कमांडर होते, म्हणजे बासष्टमध्ये कौल यांच्याकडे असलेल्या त्याच कोअरचे. मेघना नदीवरचा आशुगंजचा पूल पाकिस्तान्यांनी उडवला, तेव्हा त्यांनी मोजक्या मि-४ हेलिकॉप्टरांच्या फेऱ्यांवर फेऱ्या करून फौज पलीकडे उतरवली. दुसरीकडे ११ डिसेंबरला २ पॅरा ही पलटण टांगाइलजवळ हवाई छत्र्यांनी उतरली. ती मूळची मराठा लाइट इन्फन्ट्रीची, म्हणून ढाक्याच्या वाटेवरचा हा टप्पा आपल्याकडे अनेक घरांत आजही सांगितला जातो. या सगळ्यात हवाई दल खांद्याला खांदा लावून होते. बासष्टमध्ये लढाऊ विमाने वापरलीच नव्हती, पासष्टमध्ये जम्मूतल्या छांबला पहिल्याच दिवशी आपल्या विमानांचा मारा आपल्याच फौजेवर झाला. एकाहत्तरमध्ये तयारीला काही महिने मिळाले आणि ते दोन्ही दलांच्या एकत्र नियोजनात लावले गेले.

मग कारगिलला पुन्हा तेच कसे झाले?

कारण सर्वांत वरच्या पातळीवरचे शिकणे झालेच नव्हते. मे १९९९ मध्ये घुसखोरीचा अंदाज उशिरा आला. सुरुवातीला तोफखान्याचा पुरेसा आधार नसताना पायदळाला उभ्या कड्यांवर चढवले गेले. हवाई दल उतरले आणि दोन दिवसांत दोन लढाऊ विमाने व एक हेलिकॉप्टर गमावून बसले. युद्ध चालू असतानाच दोन्ही दले शिकली, हे त्यांचे श्रेय. हेलिकॉप्टरांचे हल्ले थांबवले, विमाने क्षेपणास्त्रांच्या पल्ल्याहून उंच उडू लागली, मिराजवर लेझरने नेम धरणारे बॉम्ब चढले. बोफोर्स तोफा थेट शिखरांवर रोखल्या गेल्या आणि जूनच्या मध्यापासून तोलोलिंग, मग टायगर हिल हाती आले. पण या शिकवणीची फी ५२७ जवानांच्या प्राणांनी भरली गेली.

युद्ध संपताच २९ जुलैला संरक्षणतज्ज्ञ के. सुब्रह्मण्यम यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. डिसेंबरात अहवाल आला, आणि काही भाग वगळून तो प्रसिद्धही झाला. बासष्टच्या चौकशीने न विचारलेले प्रश्न या समितीने विचारले: गुप्तवार्ता कोण गोळा करतो, ती कोणाला मिळते, तिन्ही दलांना एकत्र कोण बसवतो. १९४७ मध्ये माउंटबॅटन यांचे चीफ ऑफ स्टाफ लॉर्ड इस्मे यांनी सुचवलेली व्यवस्था ५२ वर्षे जवळपास तशीच चालली आहे, असे तिने लिहिले. त्यातून डिफेन्स इंटेलिजन्स एजन्सी आली, तिन्ही दलांचे एकत्रित मुख्यालय आले, आणि चर्चेत वीस वर्षे घालवून १ जानेवारी २०२० रोजी पहिले संरक्षण दल प्रमुख आले.

हेंडरसन ब्रुक्स–भगत अहवाल मात्र सरकारने अजून खुला केलेला नाही. २०१४ मध्ये नेव्हिल मॅक्सवेल या पत्रकाराने त्याचा काही भाग बाहेर आणला, तेवढाच लोकांनी वाचला. त्याआधी २०१० मध्ये तेव्हाचे संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी संसदेत त्यातला मजकूर आजही संवेदनशील असल्याचे सांगितले होते. पक्ष बदलले, सरकारे बदलली, भूमिका तीच राहिली. मला हे मनापासून खटकते. पलटणींनी, डिव्हिजनांनी आपल्या चुका आपापल्या मैदानावर दुरुस्त केल्या. ज्या टेबलांवर नकाशे उघडून माणसे नामका चूला पाठवायचे ठरले, त्यांचा हिशेब कोणी जाहीरपणे मांडला नाही. कारगिलच्या समितीला पहिल्यापासून विचारावे लागले, ते म्हणूनच.

२०२० मध्ये गलवानला चिनी सैन्याशी झालेल्या झटापटीनंतर लडाखमध्ये हजारो जवान आणि त्यांची हिवाळ्याची रसद काही महिन्यांत वर नेली गेली. सेला खिंडीखालून बोगदा झाला, तो ९ मार्च २०२४ ला खुला झाला, आणि तवांगचा रस्ता आता बर्फात बंद पडायचे कारण उरले नाही. लेहला उतरणाऱ्या जवानाला मात्र आजही पहिले दोन दिवस काही करू देत नाहीत.