एअर शाफ्ट आणि डिफरन्शियल शाफ्ट: हवा दोन्हींत, काम वेगळे

स्लिटर-रिवाइंडरवर, म्हणजे रुंद फिल्म ब्लेडने पट्ट्यांत कापून पुन्हा गुंडाळणाऱ्या यंत्रावर, नव्याने आलेल्या ऑपरेटरला हे दोन शाफ्ट एकसारखेच वाटतात, कारण दोन्हींवर पुठ्ठ्याचे कोअर (ज्यावर फिल्म गुंडाळतात त्या पोकळ नळ्या) चढवायचे असतात आणि दोन्हींत हवा भरायची असते. मात्र ती हवा दोन्हीकडे वेगळे काम करते.

साध्या एअर शाफ्टच्या पोटात रबरी ब्लॅडर असतो. टोकाच्या व्हॉल्व्हला एअर गन लावून साधारण 6 बार दाब दिला की ब्लॅडर फुगतो, लग (शाफ्टच्या पृष्ठभागातून बाहेर येणाऱ्या पट्ट्या) वर उचलले जातात आणि सगळे कोअर शाफ्टशी घट्ट जखडून एकाच गतीने फिरतात.

अडचण इथेच सुरू होते. 12 मायक्रॉनची पॉलिएस्टर फिल्म 96 मिमी बाह्य व्यासाच्या कोअरवर 6,000 मीटर गुंडाळली, तर रोल सुमारे 318 मिमीचा होतो. शेजारच्या पट्टीची जाडी 2 टक्क्यांनी जास्त असेल, तर तो 320.5 मिमीच्या आसपास जातो. फिल्म दोघांकडे एकाच वेगाने येत असल्यामुळे मोठा रोल ती ओढून ताणतो आणि लहान रोल ढिला पडतो. अंगठ्याने दाबून पाहिले तर एक दगडासारखा लागतो, दुसऱ्यात अंगठा रुततो. असा ढिला रोल उचलताना मधून दुर्बिणीसारखा सरकतो.

डिफरन्शियल शाफ्टवर घर्षणाच्या कड्यांची रांग असते आणि शाफ्ट मुद्दाम फिल्मपेक्षा थोडा जास्त वेगाने फिरवला जातो. कडी किती जोराने घासायची हे हवेचा दाब ठरवतो, त्यामुळे प्रत्येक कोअर गरजेपुरता घसरतो आणि प्रत्येक रोलला स्वतःचे टेन्शन (फिल्मचा ताण) मिळते. व्यास वाढेल तसा हा दाबही वाढवत न्यावा लागतो. सवयीने एअर शाफ्टसारखा पूर्ण दाब सोडला, तर घसरण थांबते आणि हा महागडा शाफ्ट घेण्याचे कारणच उरत नाही. माझ्या मते सर्वांत जास्त नुकसान याच चुकीने होते.

कोअर लोडर, म्हणजे शाफ्टवर कोअर चढवून जागेवर नेणारे साधन, निवडतानाही हा फरक पाहावाच लागतो. एअर शाफ्टमधली हवा काढायची, लोडरने कोअर ढकलत आपापल्या ब्लेडच्या मापावर आणायचे आणि पुन्हा हवा भरायची, एवढे पुरते. डिफरन्शियल शाफ्टच्या अनेक प्रकारांत मात्र कडीतील गोळ्या कोअरला आतून पकडतात, आणि ती पकड बसण्यासाठी कोअर जागेवर आणल्यावर किंचित पिळावा लागतो. नुसता ढकलणारा लोडर तिथे अर्धेच काम करतो.