ताण किडनीपर्यंत पोचतो कसा?

नोव्हेंबर २०२३मध्ये अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने रक्तदाबावरच्या एका वेगळ्याच उपचाराला मान्यता दिली. बारीक नळी किडनीच्या धमनीपर्यंत सरकवायची आणि धमनीभोवतालचे मज्जातंतू उष्णतेने निकामी करायचे. रक्तदाब उतरतो. फार नाही, पण उतरतो.

ताणाचा किडनीशी काय संबंध, असं कुणी विचारलं तर या मज्जातंतूंकडे बोट दाखवावं. मेंदूला धोका जाणवला की हुकूम याच वाटेने सुटतो. किडनी रेनिन सोडते, त्यातून अँजिओटेन्सिन तयार होतं, रक्तवाहिन्या आवळतात आणि शरीर मीठ-पाणी धरून ठेवतं. जखमेतून रक्त वाहत असताना यानेच जीव वाचतो. पण धोका म्हणजे थकलेले हप्ते किंवा वर्षानुवर्षं कोर्टात रेंगाळलेला जमिनीचा दावा असेल, तर तो हुकूम मागे घ्यायचा कधी?

हृदयाने फेकलेल्या रक्ताचा साधारण पाचवा हिस्सा किडन्यांकडे जातो. प्रत्येकीत सुमारे दहा लाख गाळण्या. सततच्या दाबाने त्यांच्या केशवाहिन्या खराब होतात, आणि गेलेली गाळणी पुन्हा येत नाही. उरलेल्या जादा काम ओढतात, म्हणून क्रिएटिनिन (किडनी रक्तातून बाहेर टाकते तो टाकाऊ पदार्थ) तपासणीत बराच काळ नॉर्मल दिसतं. ते वाढण्याआधीच लघवीतून अल्ब्युमिन हे रक्तातलं प्रथिन झिरपायला लागलेलं असतं. बीपी किंवा शुगर असलेल्यांनी लघवीची एसीआर (अल्ब्युमिन आणि क्रिएटिनिनचं प्रमाण) तपासणी वर्षातून एकदा करून घ्यावी. आकडा ३० मिलिग्रॅम प्रति ग्रॅमच्या आत हवा.

‘टेन्शनने किडनी फेल’ असे मेसेज फिरतात, ते मात्र सोडून द्या. किडनी निकामी होण्याची मोठी कारणं मधुमेह आणि उच्च रक्तदाब हीच आहेत. ताण बहुतेकदा त्यांच्या आडून येतो: झोप उडते, तंबाखू वाढते, बीपीची गोळी राहून जाते. आणि डोकं दुखतं म्हणून रोज घेतलेली डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन! ही औषधं किडनीचा रक्तपुरवठा आणखी कमी करतात. माझ्या मते गोळ्यांची ही सवय जास्त घातक.

प्रतिकारशक्तीचं काय? १९९५मध्ये ओहायोतल्या संशोधकांनी स्मृतिभ्रंश झालेल्या नातेवाइकांची सेवा करणाऱ्या १३ स्त्रिया घेतल्या आणि तेवढ्याच इतर. प्रत्येकीच्या हातावर साडेतीन मिलिमीटरची छोटी जखम केली आणि ती भरण्याची वाट पाहिली. सेवा करणाऱ्यांची जखम भरायला सरासरी नऊ दिवस जास्त लागले. अशा लोकांना फ्लूची लस दिल्यावर अँटिबॉडीही कमी तयार होतात, असं त्याच गटाला पुढे दिसलं.

म्हणजे प्रतिकारशक्ती नुसती ‘कमी’ होते का? तसंही नाही. कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक दाह आवरतं. पण ते महिनोन्‌महिने चढं राहिलं की रोगप्रतिकारक पेशी त्याला जुमानेनाशा होतात. मग विषाणूशी लढाई ढिली पडते आणि धुमसता दाह मात्र चालूच राहतो. तो रक्तवाहिन्यांना मानवत नाही, किडनीतल्या नाजूक वाहिन्यांना तर नाहीच. त्यामुळे ‘इम्युनिटी बूस्टर’ काढ्याच्या जाहिराती नेमकं काय वाढवायचं म्हणतात, ते मला कळत नाही.

कॉर्टिसॉलसारखंच औषध, प्रेडनिसोलोन, नेफ्रॉटिक सिंड्रोम (किडनीतून खूप प्रथिन गळण्याचा आजार) झालेल्या मुलांना दिलं जातं. त्याने लघवीतून जाणारं प्रथिन बहुतेकांत थांबतं. पण त्याने प्रतिकारशक्तीही दबते, म्हणून ते चालू असेपर्यंत कांजिण्या झालेल्या मुलांपासून त्यांना लांब ठेवायला डॉक्टर बजावतात.