हरणाच्या शिकारीची पहिली रायफल

हरणाच्या शिकारीची पहिली रायफल : अमेरिकेत शिकारीची परंपरा असलेल्या कुटुंबांतून किशोरवयीन मुलामुलींना स्वतःची म्हणून मिळणारी रायफल आणि तिच्या निवडीची पद्धत. शिकार बहुधा पांढऱ्या शेपटीच्या हरणाची, पश्चिमेकडे म्यूल डिअर या मोठ्या कानांच्या हरणाची. भारतात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मुळे चितळ-सांबराची शिकार गुन्हा ठरली, म्हणून आपल्याकडे हा प्रश्नच उरलेला नाही. अमेरिकेत मात्र हरणांची संख्या आटोक्यात ठेवण्याचे ते सरकारमान्य साधन आहे. बंदुका व काडतुसांवरील केंद्रीय कर १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्यान्वये राज्यांच्या वन्यजीव खात्यांकडे जातो. त्यामुळे नवे शिकारी घडावेत यात या खात्यांनाही रस असतो, आणि अनेक राज्ये किशोरांसाठी मुख्य हंगामाआधी वेगळे दिवस राखून ठेवतात.

परवानाधारक विक्रेत्याने १८ वर्षांखालील व्यक्तीस रायफल विकू नये, असे १९६८ चा केंद्रीय कायदा सांगतो. म्हणजे ‘मुलाची रायफल’ कागदोपत्री आईवडिलांची असते. घरात ती कुलूपबंद राहावी आणि काडतुसे निराळी ठेवावीत, हे प्रशिक्षणवर्गात पहिल्यांदा शिकवतात. असा वर्ग बहुतेक राज्यांत शिकारीच्या परवान्यापूर्वी सक्तीचा आहे. त्याची सुरुवात न्यूयॉर्क राज्याने १९४९ मध्ये केली.

दुकानात चर्चा सुरू होते ती काडतुसावरून. खरे तर ती मापावरून व्हायला हवी. चापापासून दस्त्याच्या, म्हणजे खांद्याला टेकणाऱ्या भागाच्या, मागच्या टोकापर्यंतचे अंतर प्रौढांच्या रायफलीत साधारण साडेतेरा इंच असते; किशोरांसाठीच्या रायफलीत ते बारा ते साडेबारा इंच ठेवतात. तपासण्याची जुनी रीत सोपी आहे. रायफल रिकामी असल्याची खात्री करून दस्त्याचे टोक कोपराच्या आतल्या बाजूला टेकवायचे, हात काटकोनात ठेवायचा आणि तर्जनीचे पहिले पेर चापावर सहज पोचते का ते पाहायचे. हे माप जाड जाकीट घालून घ्यावे, कारण शिकार नोव्हेंबरच्या थंडीत असते आणि कापूस भरलेले जाकीटच अर्धा-पाऊण इंच खाते. दस्ता लांब पडला की मूल पोट पुढे काढून पाठीमागे झुकते, मान ताणते, आणि रायफलीवरच्या दुर्बिणीत चित्राऐवजी काळी कडा दिसू लागते. शाळेचा गणवेश वाढत्या मापाचा शिवतात, तशी रायफल घेऊन चालत नाही. वाढत्या अंगाची सोय कंपन्यांनी वेगळ्या प्रकारे केली आहे : मॉसबर्गच्या पेट्रियट मालिकेतील किशोर-आवृत्तीत दस्त्याला जोडतुकडे बसवता-काढता येतात. मूल उजवे असूनही त्याचा डावा डोळा प्रबळ असू शकतो. तसे असेल तर खरेदीपूर्वीच कळलेले बरे.

दुसरा मुद्दा धक्क्याचा. गोळी जितकी जड व वेगवान तितका धक्का मोठा, आणि रायफल जितकी हलकी तितका तो अधिक जाणवतो. इथेच पालक फसतात : मुलाला पेलावी म्हणून सर्वांत हलकी रायफल घेतात आणि खांद्याला तीच सर्वांत जास्त झोंबते. धक्क्याला घाबरलेले मूल चाप ओढण्याआधीच डोळे मिटते आणि नळी खाली दाबते. हा दोष एकदा जडला की सुटता सुटत नाही. तो ओळखण्यासाठी प्रशिक्षक मुलाला न सांगता मधेच एक निकामी सराव-काडतूस भरतात. चाप ओढला, आवाज झाला नाही, तरी नळीचे तोंड खाली गेले, तर दोष नेमाचा नाही, भीतीचा आहे. पेनसिल्व्हेनियात २००६ पासून चालू असलेल्या मार्गदर्शित शिकारीत तर १२ वर्षांखालील मुलाची रायफल चालताना सोबतचा प्रौढच वाहतो. मग वजनाची एवढी काळजी कशाला?

काडतुसांत सर्वाधिक शिफारस .२४३ विंचेस्टरची होते (नावातला आकडा म्हणजे साधारण गोळीचा इंचातला व्यास). १९५५ साली आलेले हे काडतूस साडेसहा ग्रॅमची गोळी सेकंदाला सुमारे ९०० मीटर वेगाने फेकते, आणि .३०-०६ या प्रौढांच्या काडतुसाच्या निम्म्याच्या आसपास धक्का देते. गोळी लहान असल्याने चुकीला वाव कमी, हा त्यावरचा आक्षेप रास्त आहे. हरणाच्या हृदय-फुप्फुसांचा लक्ष्यभाग जेमतेम आठ इंचांचा असतो. थोडे मोठे हवे असेल तर ७ मिमी-०८ रेमिंग्टन किंवा २००७ मधले ६.५ क्रीडमूर. धक्का वाढतो, पण बेताने. किशोराला .३०० मॅग्नमसारखे जबर धक्क्याचे काडतूस देणारे वडील बहुधा स्वतःची हौस भागवत असतात. ओहायोसारख्या सपाट, दाट वस्तीच्या राज्यांत मात्र हा वादच गैरलागू ठरतो. तिथे नियमाप्रमाणे सरळ भिंतीच्या, म्हणजे ज्यांचे कवच तोंडाशी निमुळते होत नाही अशा, काडतुसांकडे वळावे लागते, आणि २०१९ मध्ये आलेले .३५० लेजंड कमी धक्क्यामुळे तिथल्या किशोरांत चटकन रुळले.

यंत्रणेत बोल्टची, म्हणजे हाताने खिटी मागेपुढे सरकवून काडतूस भरायची, रायफल सर्वमान्य आहे. बोल्ट मागे घेतला की कोठी (काडतूस बसते ती जागा) रिकामी आहे की नाही ते शेजारच्या प्रौढालाही दिसते. दुर्बीण साधी, कमी पटीची चालते. मात्र डोळा आणि भिंग यांत तीन-चार इंच अंतर हवेच, नाहीतर धक्क्यासरशी भुवईवर चंद्रकोरीसारखी खोक पडते. तिथल्या शिकाऱ्यांत ही खूण थट्टेचा विषय असते, पण खोक पडलेले मूल पुढच्या वेळी दुर्बिणीपासून तोंड लांब ठेवते आणि नेम बिघडतो.

अनेक घरांत खरेदीचा प्रश्नच येत नाही, कारण आजोबांची लिव्हरची, म्हणजे चापाखालचा दांडा फिरवून काडतूस भरायची, .३०-३० रायफल आधीच कपाटात असते. विंचेस्टर १८९४ किंवा मार्लिन ३३६ आखूड, चपटी आणि दाट झाडीत सोयीची. नळीखालच्या पेटीत काडतुसे एकामागे एक राहतात, म्हणून तिच्या गोळ्या परंपरेने बोथट असतात. टोकदार गोळी पुढच्या काडतुसाच्या टोपीवर आदळून ते उडू शकते. अडचण तिच्या उघड्या घोड्याची, म्हणजे आघात करून काडतूस उडवणाऱ्या हातोडीची, आहे. हरीण निघून गेल्यावर वर चढवलेला घोडा अंगठ्याने सावकाश उतरवावा लागतो, आणि गारठलेल्या लहान बोटांतून तो निसटला तर गोळी सुटते. म्हणून ही रायफल हाती देण्यापूर्वी रिकाम्या कोठीवर, हातमोजे घालून, तेवढ्या एका हालचालीचा सराव करून घेतात.