पाळण्याला रंग मारण्याआधी आम्हाला बोलवा
(पार्क, रिसॉर्ट आणि आनंदमेळे चालवणाऱ्या आमच्या नागपूर परिसरातल्या ग्राहकांसाठी)

सीझन तोंडावर आला की आम्हा राइड-दुरुस्तीवाल्यांना फोन येतात, "रंगकाम सुरू केलंय, तेवढं ग्रीसिंग करून द्या." आमची विनंती उलटी आहे. रंगाचा डबा उघडण्याआधी आम्हाला बोलवा. भेग पडते ती बहुतेक वेल्डिंगच्या काठाला, केसासारखी बारीक. नवा रंग ती झाकतो आणि मग आम्हाला तोच रंग खरवडावा लागतो, तुमच्याच खर्चाने.

भेग शोधायची रीत साधी आहे. सांधा घासून स्वच्छ करायचा, त्यावर लाल द्रव फवारायचा, दहा-पंधरा मिनिटं थांबून पुसायचा आणि वरून पांढरा डेव्हलपर मारायचा. भेग असेल तर पांढऱ्यावर लाल रेघ उमटते. ती आम्ही तुम्हाला जागेवर बोलावून दाखवतो. बिल त्यानंतर लवकर पटतं.

नागपुरात ऊन आणि काळी माती, दोन्ही छळतात. २३ मे २०१३ ला इथे पारा ४७.९ अंशांवर गेला होता. उन्हात उभं लोखंड त्याहून जास्त तापतं. ग्रीसमधलं तेल सुटून गळतं, मागे धुळीचा चिकट मळ उरतो. त्यावरच नवं ग्रीस थापणं म्हणजे पैसे वाया. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. कोराडीची नवरात्र असो की रामटेकची यात्रा, उभारणीच्या दिवशी लेव्हल पाहिली म्हणून भागत नाही. सर येऊन गेली की पुन्हा पाहा. आकाशपाळणा एका अंगाला कलला की त्या बाजूच्या बेअरिंगवर भार वाढतो, आणि ते कुरकुरायला लागतं.

सगळेच आवाज वाईट नसतात. रोलर कोस्टर चढताना टक-टक होते, ती साखळी तुटली तरी डबे मागे घसरू नयेत म्हणून बसवलेल्या लोखंडी जिभेची. एका ग्राहकाने ती बंद करून मागितली होती! अहो, पोटात गोळा येतो तो त्याच आवाजाने, आणि लोक तिकीट त्याचंच काढतात. उंचीचंही तसंच. शिकागोत १८९३ साली जॉर्ज फेरिसचा पाळणा २६४ फुटांचा होता. तुमचा पन्नास फुटांचाही पुरतो, फक्त वरच्या टोकाला क्षणभर अलगद थांबला पाहिजे. ब्रेक झटका देत असेल तर ती मजा जाते, ब्रेकचं घासणारं अस्तर, म्हणजे लाइनर, आधी बदला.

नट कसल्यावर नट-बोल्टवरून आम्ही पिवळी रेघ ओढतो. सकाळच्या रिकाम्या फेरीआधी ती पाहायला ऑपरेटरला सांगा. रेघ जुळत नसेल तर नट फिरलाय. राइड बंद ठेवा, पाना लावू नका, फोन करा. लॅप बारचं, म्हणजे बसणाऱ्याच्या मांडीवर येणाऱ्या दांड्याचं, लॉक मात्र प्रत्येक फेरीआधी हाताने ओढून पाहायचं, गर्दी कितीही असो.

मोठ्या राइडला पूर्ण दिवस लागतो, तेव्हा तारीख सोमवार ते गुरुवारची घ्या. काम चालू असताना मेन स्विचला आमचं कुलूप असेल आणि किल्ली आमच्या मिस्त्रीच्या खिशात. पाहुणे आलेत, एक फेरी होऊ द्या, म्हणून ती मागू नका.