स्त्री-व्यक्तिचित्रपर माहितीपट

एकाच स्त्रीचे रोजचे जगणे दीर्घकाळ जवळून टिपणारा माहितीपटाचा प्रकार. निवेदकाचा आवाज यात सहसा नसतो. तिचे बोलणे, तिचे काम आणि घरातले आवाज यांवरच चित्रपट तोलला जातो. पुण्यात असे चित्रपट करण्याचे शिक्षण प्रभात स्टुडिओच्या जागेत १९६० साली सुरू झालेल्या फिल्म इन्स्टिट्यूटमधून येते. तिथे संकलन शिकलेल्या रीना मोहन यांचा ‘कमलाबाई’ हा या प्रकारातला ठळक नमुना. फाळक्यांच्या ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये (१९१३) काम केलेल्या कमलाबाई गोखले त्याचा विषय आहेत. जन्मभर भूमिका केलेली बाई कॅमेऱ्यासमोर स्वतः म्हणून केव्हा बोलते, हा अशा विषयातला खरा पेच.

१६ मिमी फिल्मचे ४०० फुटी रीळ अकराएक मिनिटांत संपे, त्यामुळे प्रश्न जपून विचारले जात. डिजिटल कॅमेरा थांबत नाही. मग तासन्‌तास फुटेज साठते आणि घोळ संकलनाच्या टेबलावर उतरतो. रोजचे बोलणे त्याच रात्री टाइमकोडसह (फुटेजमधल्या नेमक्या वेळेच्या आकड्यांसह) उतरवून काढलेले बरे.

पहिल्या काही भेटी कॅमेऱ्याविना होतात. नळाला पाणी केव्हा येते, घरात कोण कधी असते, हे तेव्हा कळते. सासू किंवा नवरा खोलीत असला की ‘आमचं सगळं छान आहे’ यापुढे गाडी सरकत नाही. हात कामात असले की बाई मोकळी बोलते, पण काम निवडावे लागते: मेथी किंवा तांदूळ निवडणे चालते, भाकरी थापताना मात्र प्रत्येक थापेखाली शब्द बुडतो.

चित्रापेक्षा ध्वनीच जास्त वेळा बिघडतो. कॉलर माइक पदराखाली लावला तर खळ केलेली सुती साडी सळसळते आणि मंगळसूत्राच्या वाट्या त्यावर आपटतात. म्हणून तो खांद्याच्या बाजूला, ब्लाउजच्या काठाला टेपने चिकटवतात. सोबत दीड-दोन फुटांवर बूम, म्हणजे लांब दांडीवरचा माइक, असावा. फ्रिज बंद केला की गाडीची किल्ली त्यातच ठेवायची जुनी युक्ती आहे: निघताना तो सुरू करायचे विसरत नाही. प्रत्येक खोलीची मिनिटभर नुसती शांतताही मुद्रित करतात, नाहीतर संकलनात दोन वाक्यांमधला सांधा ऐकू येतो. जुन्या वाड्यातल्या अंधाऱ्या खोलीत ट्यूबलाइट लावावीच लागली, तर शटरचा वेग १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवावा; आपली वीज ५० हर्ट्झची असल्याने इतर वेगांवर चित्र लुकलुकू शकते.

मुळशी-मावळात जात्यावरच्या ओव्या गाणाऱ्या बायकांचे चित्रण वेगळे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांच्या संग्रहात अशा लाखाहून अधिक ओव्या आहेत. माहेरचे दुखणे ‘मी’ म्हणून न सांगणारी बाई ते ओवीत सांगून जाते. ‘पुन्हा एकदा’ म्हटले की ओळींचा क्रम बदलतो, म्हणून पहिल्याच खेपेला माइक तोंडाजवळ आणि जात्याच्या घरघरीपासून दूर हवा.

मोलकरीण किंवा कचरावेचक बाईचा दिवस बुडत असेल तर भरपाई आधीच ठरवावी. ती दिवसाची असते, उत्तराची नव्हे. कागदावरची एक सही म्हणजे संमती, असे मानणे आळशीपणाचे आहे. चेहरा धूसर केला तरी आवाज, बांगड्या, दाराचा रंग यांवरून गल्ली तिला ओळखतेच. म्हणून रफ कट, म्हणजे संकलनाचा पहिला कच्चा आराखडा, आधी तिला एकटीला दाखवतात, घरच्यांना नंतर, आणि तिने नको म्हटलेले प्रसंग अंतिम प्रतीआधी काढतात.